डोक्यावरची तार आणि पत्र्याची शेड

कारखान्यासाठी किंवा गोदामासाठी जागा पाहताना आपला व्यापारी बरेच काही पाहतो. भाडे किती, डिपॉझिट किती, ट्रक आतपर्यंत येतो की नाही, मीटर कोणाच्या नावावर आहे, पाणी तुंबते का, शेजार कसा आहे. एवढे सगळे पाहून झाल्यावर सौदा पक्का होतो. फक्त एक गोष्ट पाहायची राहून जाते. ती म्हणजे मान वर करून आभाळाकडे पाहणे. पत्र्याच्या छपरावरून किंवा भिंतीला खेटून विजेची उघडी तार गेली आहे काय, आणि गेली असेल तर ती किती अंतरावर आहे, हा प्रश्न सौद्याच्या वेळी कोणी विचारत नाही. हा प्रश्न सौद्यातला पहिला प्रश्न असला पाहिजे, असे आमचे मत आहे.

भिवंडी व मालेगावचे यंत्रमाग, मुंब्रा व कुर्ल्याची फॅब्रिकेशनची दुकाने, गावोगावची भंगार गोदामे, गॅरेज, लाकडाच्या वखारी, बेकऱ्या या सर्वांचे छप्पर बहुधा पत्र्याचेच असते. पत्रा स्वस्त पडतो, चार दिवसांत उभा राहतो आणि जागा सोडताना काढून नेता येतो. लहान भांडवलाच्या माणसाला त्याहून सोयीचे दुसरे काही नाही. तेव्हा पत्र्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पत्रा हा धातू आहे आणि वरची तार उघडी आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते प्रत्येक मालकाने आणि कारागिराने नीट समजून घेतले पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांनुसार आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ हजारांहून अधिक माणसे दगावतात. हा आकडा शेतातला, घरातला, कारखान्यातला असा सगळा मिळून आहे. यात मोठ्या कारखान्यांतले इंजिनिअर फारसे नसतात. शिडीवर चढणारा, पाइप उचलणारा, पत्रा मारणारा, ट्रकवर माल बांधणारा हात त्यात जास्त असतो, हे सांगायला वेगळा अहवाल नको.

पत्र्यामुळे धोका का वाढतो

विटांच्या भिंतीला किंवा कौलारू छपराला तार लागली तर धोका असतोच, पण तो बहुधा त्या जागेपुरता राहतो. पत्र्याचे तसे नाही. एका कोपऱ्यात तार टेकली की छप्पर, अँगल, खांब, शटर, पन्हळ, छपरातून बाहेर निघालेली धुराची नळी या सगळ्यांत एकाच क्षणी वीज उतरते. तार मागच्या बाजूला टेकलेली असते आणि माणूस पुढच्या बाजूला शटर उघडताना मरतो. त्याला तार दिसतही नाही.

इथे पुष्कळांना एक शंका येते. एवढा मोठा बिघाड झाला तर डीपीवरचा फ्यूज उडायला नको काय? तो बहुतेक वेळा उडत नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशोबात आहे. रस्त्यावरच्या लघुदाबाच्या तारेत जमिनीच्या तुलनेत सुमारे २३० व्होल्ट असतात. माणसाच्या शरीराचा विरोध साधारण १००० ओहम धरला तर त्याच्यातून पाव अँपिअरहूनही थोडा कमी प्रवाह जातो. हृदय बंद पडायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. डीपीवरचा फ्यूज मात्र शंभर-दोनशे अँपिअरचा असतो. एका माणसाचा जीव जाण्याइतका प्रवाह त्याच्या दृष्टीने एखाद्या दिव्याच्या भाराएवढा असतो. तो उडावा तरी कशाला?

११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या लाइनचे प्रकरण आणखी गंभीर आहे. तिथे तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. पाइपाचे किंवा सळईचे टोक पुरेसे जवळ गेले की मधल्या हवेतून ठिणगी उडी मारते आणि माणूस भाजून निघतो. ही लाइन तुटून कोरड्या जमिनीवर किंवा डांबरावर पडली तर प्रवाह इतका कमी वाहतो की उपकेंद्रातील यंत्रणेला ती तुटल्याचे कळेलच असे नाही. म्हणून खाली पडलेली तार मेलेली आहे असे कधीही समजू नये.

अपघात होतात कसे

अशा अपघातांच्या तऱ्हा मोजक्याच आहेत.

पहिली तऱ्हा लांब वस्तूंची. लोखंडी पाइप बाजारात ६ मीटर, म्हणजे २० फूट लांबीचा येतो. सळई १२ मीटरची येते. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून निदान ५.८ मीटर आणि उच्चदाबाची ६.१ मीटर उंच हवी. रस्ता सोडून इतर जागी ११ केव्हीपर्यंतची उघडी तार ४.६ मीटरवर असली तरी नियमात बसते. आता हिशोब करा. २० फुटांचा पाइप छातीशी धरून उभा केला तर त्याचे टोक यातील प्रत्येक तारेच्या वर जाते. म्हणजे तार अगदी नियमाप्रमाणे ओढलेली असली तरी फॅब्रिकेशनवाल्या कारागिराचा हात तिच्यापर्यंत पोहोचतो. अॅल्युमिनियमची शिडी, पत्र्याची लांब पाने, बोअरवेलमधून काढलेला पाइप, दुकानाच्या बोर्डाची चौकट यांचीही तीच कथा. छपरावर उभे राहून हे सामान हाताळले तर मधले अंतर उरतच नाही.

दुसरी तऱ्हा सर्व्हिस वायरची. पोलवरून मीटरपर्यंत येणारी वायर पत्र्याच्या धारेवरून ओढून घेतलेली असते. वाऱ्याने ती हलत राहते, पत्र्याची धार तिला करवतीसारखी घासते, उन्हाने वरचे रबर तडकते, आणि दोन-चार वर्षांत आतला तांब्या-अॅल्युमिनियमचा तार पत्र्याला लागतो. उन्हाळाभर काही कळत नाही. पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की पत्र्याला हात लावणाऱ्याच्या बोटांना झिणझिण्या येतात. "थोडा करंट मारतोय" म्हणून हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. झिणझिण्या हा शेवटचा इशारा असतो. पुढच्या वेळी अनवाणी, घामाने भिजलेला माणूस तिथे उभा असेल तर इशारा मिळणार नाही.

तिसरी तऱ्हा तारेच्या झोळाची आणि वाढत्या बांधकामाची. उन्हाळ्यात तापून आणि भाराने तार लोंबते. रस्त्यावर डांबराचे थरावर थर पडून रस्ताच वर येतो. आणि आपण स्वतः छप्पर वर नेतो. आधी एकमजली शेड असते, मग माल वाढला म्हणून पोटमाळा होतो, मग पोटमाळ्यावर पत्रा चढतो. लाइन जिथे होती तिथेच आहे, आपण तिच्याकडे सरकलो आहोत, हे लक्षात घेतले जात नाही.

चौथी तऱ्हा वाहनांची. उंच भरलेला ट्रक, मागचा भाग उचललेला टिपर, क्रेन. गाठी किंवा भंगार उंच रचून वर ताडपत्री बांधायला माणूस चढतो आणि गोदामाच्या दारातच वरून लाइन गेलेली असते.

सणासुदीच्या मिरवणुकींतही हीच गोष्ट घडते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तामिळनाडूत तंजावरजवळ देवळाचा रथ उच्चदाबाच्या तारेला लागून ११ माणसे गेली. २०२३ च्या जुलैत झारखंडच्या बोकारो जिल्ह्यात मोहरमच्या मिरवणुकीत ताजिया ११ केव्हीच्या तारेला लागून चार जण दगावले. वीज धर्म विचारत नाही, ती फक्त उंची आणि धातू पाहते. आपले मंडप, कमानी आणि झेंड्यांचे पाइप उभारणारे कारागीरही बहुधा याच शेडमधले असतात, म्हणून हा उल्लेख केला.

नियम काय सांगतो

पूर्वी १९५६ चे भारतीय विद्युत नियम होते. त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम २०१० साली आले, आणि २०२३ साली ते पुन्हा नव्याने काढण्यात आले. इमारतीपासून तारेच्या अंतराचे मूळ आकडे प्रत्येक कारागिराने पाठ करावेत इतके सोपे आहेत.

लघुदाबाची उघडी तार छपरावरून जात असेल तर छपराच्या सर्वांत उंच भागापासून ती निदान २.५ मीटर, म्हणजे सुमारे ८ फूट वर हवी. बाजूने जात असेल तर भिंतीपासून १.२ मीटर, म्हणजे ४ फूट दूर हवी. ११ केव्ही आणि ३३ केव्हीच्या लाइनसाठी वरचे अंतर ३.७ मीटर, म्हणजे १२ फूट. बाजूचे अंतर ११ केव्हीला १.२ मीटर आणि ३३ केव्हीला २ मीटर. त्यापुढच्या दाबाला प्रत्येक वाढीव ३३ केव्हीमागे ०.३ मीटर वाढवत जायचे. हे अंतर तार सर्वांत जास्त लोंबलेली असताना आणि वाऱ्याने सर्वांत जास्त झुकलेली असताना मोजायचे आहे, थंडीच्या सकाळी ताणलेली असताना नव्हे.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो. हे अंतर उभ्या इमारतीसाठी आहे, काम करणाऱ्या माणसासाठी नाही. शेजारच्या भिंतीपासून चार फूट दूर असलेली ११ केव्हीची लाइन नियमात बसेल, पण त्या भिंतीवर उभे राहून दहा फुटी पत्रा फिरवणाऱ्याला ते अंतर काहीच नाही. काम करताना माणूस, अवजार आणि हातातील सामान मिळून उघड्या तारेपासून निदान ३ मीटर, म्हणजे १० फूट दूर राहावे, हा जगभर पाळला जाणारा साधा दंडक आहे. तो पाळता येत नसेल तर लाइन बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

मोठ्या मनोऱ्यांच्या लाइनचा हिशोब निराळा आहे. कळवा व पडघा येथील ४०० केव्हीच्या उपकेंद्रांमुळे त्या पट्ट्यात असे मनोरे जागोजागी दिसतात. १३२ केव्हीच्या लाइनखाली २७ मीटर आणि २२० केव्हीच्या लाइनखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो. त्या पट्ट्यातील जागा स्वस्त मिळते, त्यामागे हेच कारण असते. अशा लाइनच्या आसपासच्या मोठ्या पत्र्यावर तारेचा स्पर्श न होताही विद्युतभार साठतो आणि हात लावताच चटका बसतो. तिथे पत्रे आणि सांगाडा जोडून जमिनीला नीट अर्थ करणे आवश्यक असते. पण मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यात शेड घेऊच नये, हा आमचा सरळ सल्ला आहे.

खर्च कोणाचा

आपल्या बाजारात वाद इथेच होतो. मालक म्हणतो, तार मंडळाची आहे, त्यांनी हलवावी. वीज कंपनी म्हणते, लाइन आधी होती, शेड तुम्ही नंतर बांधली. कायद्याचा कल समजून घेतला तर हा वाद बराच कमी होईल.

लाइन आधीपासून असेल आणि आपण तिच्याखाली किंवा शेजारी नवे बांधकाम, वाढीव मजला किंवा तात्पुरता सांगाडासुद्धा उभारणार असू, तर वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला आधी लेखी कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. सोबत नकाशा द्यावा लागतो. कंपनी पाहणी करते आणि लाइन हलवणे भाग असेल तर खर्चाचे कोटेशन देते. तो खर्च बांधणाऱ्याने भरायचा असतो. आकडा अवास्तव वाटला तर विद्युत निरीक्षकाकडे दाद मागता येते. अंतर बरोबर आहे याची खात्री झाल्याशिवाय बांधकाम सुरू करता येत नाही. हे न करता बांधले तर २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी ते हटवण्याचा आदेश देऊ शकतात.

उलट, शेड आधीपासून असेल आणि लाइन नंतर आली असेल, किंवा लाइन मूळची बरोबर असून पुढे देखभालीअभावी लोंबली असेल, पोल वाकला असेल, इन्सुलेटर फुटला असेल, तर ती दुरुस्त करणे हे वीज कंपनीचे काम आहे. त्याचे पैसे ग्राहकाकडे मागता येत नाहीत. २००२ साली मध्य प्रदेश वीज मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तुटून पडलेल्या जिवंत तारेने माणूस मेला तर मंडळाला "आमची चूक नव्हती" एवढे सांगून सुटता येणार नाही. असा धोकादायक व्यवसाय करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते. हा निकाल आपल्या प्रत्येक व्यापारी संघटनेच्या फायलीत असावा.

म्हणून अर्ज तोंडी करू नये. शाखा कार्यालयातील साहेबांना "जरा बघा ना" म्हणणे म्हणजे अर्ज नव्हे. तारीख, ग्राहक क्रमांक, पोल क्रमांक आणि फोटो जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. भिवंडीत २००७ पासून टोरेंट पॉवरकडे आणि मालेगावात २०२० पासून मालेगाव पॉवर सप्लायकडे वितरणाचे काम आले. इतर बहुतेक ठिकाणी महावितरण आहे. अर्ज ज्याच्याकडे जातो त्याच्याकडेच द्यावा आणि एक प्रत जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाला द्यावी.

फसवे उपाय

आपल्याकडे काही उपायांवर लोक फार विसंबून असतात. त्यांतील काही चांगले आहेत, पण या रोगावरचे औषध नव्हेत.

अर्थिंगचे उदाहरण घ्या. शेडला अर्थ केला म्हणजे झाले, असा समज आहे. मशिनच्या आतील बिघाडासाठी अर्थ अत्यावश्यक आहे. मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ हवेत, हा जुना नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण रस्त्यावरची तार पत्र्यावर पडली तर काय होते? अर्थचा विरोध १० ओहम असेल तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतील. डीपीवरचा फ्यूज शंभराचा असेल तर तो उडणार नाही. पत्रा जिवंतच राहील. तेव्हा अर्थ जरूर करावा, पण अर्थ आहे म्हणून तार जवळ राहू द्यावी, हा हिशोब चुकीचा आहे.

ईएलसीबी किंवा आरसीसीबीचेही तसेच. ३० मिलिअँपिअरचे हे यंत्र प्रत्येक कारखान्यात असलेच पाहिजे. आपल्या वायरिंगमधील गळतीवर ते क्षणात वीज तोडते. पण ते मीटरनंतर बसलेले असते. बाहेरची लाइन किंवा मीटरच्या आधीची सर्व्हिस वायर पत्र्याला लागली तर तो प्रवाह या यंत्रातून जातच नाही. त्याला काही कळणार नाही.

रंगीत पत्र्याचा रंग हे इन्सुलेशन नाही. बांबूची परात बरी, पण ओला बांबू वीज नेतो. वेल्डिंगचे हातमोजे उष्णतेसाठी आहेत, विजेसाठी नाहीत. तारेवर प्लास्टिकची नळी चढवून किंवा वर ताडपत्री बांधून धोका जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

आणि सर्वांत घातक समज म्हणजे "आत्ता लाइट गेलेली आहे, पटकन पत्रा मारून घ्या." गेलेली वीज कोणत्याही क्षणी येते. शिवाय शेजाऱ्याचा जनरेटर चेंजओव्हर स्विच न लावता जोडलेला असेल तर बंद लाइनमध्ये उलट्या बाजूने वीज शिरते. कंपनीच्या लाइनमनने परमिट घेऊन, लाइन बंद करून, ती जमिनीला जोडली तरच ती बंद समजावी.

खरे उपाय तीनच आहेत. तार दूर नेणे, उघड्या तारेऐवजी इन्सुलेशन असलेली एकत्र पिळलेली केबल टाकून घेणे, किंवा शेड दूर घेणे. सर्व्हिस वायरसाठी उपाय स्वस्त आहे. वायर पत्र्याला न टेकता वेगळ्या टेकूवर उंच घ्यावी, आत शिरते तिथे पीव्हीसी पाइपातून घ्यावी, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावी. एका दिवसाच्या मजुरीचे काम आहे.

मुख्य अडचण भीतीची

हे सगळे आपल्या कारखानदारांना अजिबात माहीत नाही असे नाही. मग अर्ज का होत नाहीत? कारण भीती आहे. शेड भाड्याची असते, करारनामा नसतो, वाढीव पोटमाळ्याची परवानगी नसते, जागेचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो. अर्ज केला तर साहेब येतील, मोजमाप करतील, आणि तार हलण्याऐवजी आपलीच शेड पाडण्याची नोटीस येईल. म्हणून डोक्यावरची तार दिसत असूनही माणूस गप्प बसतो. काही जण तर उलट विचार करतात, तार जवळ आहे ते सोयीचे आहे, आकडा टाकायला बरे.

ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. गरीब वस्तीत नोटीस लवकर येते आणि नवी केबल उशिरा येते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. वीज कंपन्यांनाही आमचे सांगणे आहे की, जिथे दाटीवाटीने पत्र्याच्या शेड उभ्या आहेत आणि ज्यांचे बिल तुम्ही महिन्याच्या महिन्याला वसूल करता, तिथे उघड्या तारा ठेवण्याला "बांधकाम अनधिकृत आहे" हे उत्तर पुरेसे नाही. मीटर देताना जी शेड चालली ती सुरक्षिततेच्या वेळी अनधिकृत कशी होते?

पण या भीतीची दुसरी बाजू मालकांनी पाहावी. अपघात झाला की काहीच लपत नाही. प्राणहानी झाल्यावर विद्युत निरीक्षकाला २४ तासांत कळवावे लागते, पंचनामा होतो, अंतर मोजले जाते, शेड कोणाची, परवानगी होती का, कामगार कोणाचा, सगळे कागदावर येते. कामावर असताना कामगार दगावला तर मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. "तो माझा कामगार नव्हता, ठेकेदाराचा होता" ही सबब बहुधा टिकत नाही. म्हणजे ज्या चौकशीच्या भीतीने अर्ज टाळला ती चौकशी होतेच, फक्त मधे एका घराचा कर्ता जातो.

यावर एकट्याने मार्ग निघत नाही, गल्लीने निघतो. एका गल्लीतल्या वीस मालकांनी मिळून अर्ज द्यावा, संघटनेच्या लेटरहेडवर द्यावा, नगरसेवक आणि आमदारांच्या निधीतून केबल टाकता येईल का ते विचारावे. एकट्या माणसाला जी नोटीस निघते ती वीस जणांना सहजासहजी निघत नाही. आपल्या यंत्रमाग संघटना सूत आणि विजेच्या दरासाठी मोर्चे काढतात, ते योग्यच आहे. त्या मागण्यांच्या यादीत उघड्या तारांचे कलम का नसावे?

फॅब्रिकेशनच्या ठेकेदारांनाही दोन शब्द. गिऱ्हाईक म्हणेल, "काही होत नाही, मागच्या वेळी असेच मारले होते पत्रे." अशा वेळी काम नाकारण्याची हिंमत ठेवा. भाव ठरवतानाच सांगा की लाइन बंद करून मिळाली तरच काम होईल. एक काम हातचे जाईल, पण पंधरा-सोळा वर्षांचे पोर शिडी धरायला उभे करून त्याच्या आईला तोंड दाखवण्याची वेळ येणार नाही. आणि "जे तकदिरीत असेल ते होईल" हे वाक्य अशा ठिकाणी वापरू नका. आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

अपघात झालाच तर

पत्र्याला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. वाचवायला धावलेला दुसरा, मग तिसरा, असे एकाच घरातले लोक जातात ते यामुळेच. लघुदाबाची लाइन असेल तर मेन बंद करा, आणि बिघाड बाहेरच्या तारेचा असेल तर मेन बंद करूनही पत्रा जिवंत राहू शकतो हे ध्यानात ठेवा. पूर्ण कोरड्या लाकडाने माणसाला दूर ढकलता येईल, पण ते फक्त लघुदाबात. उच्चदाबाच्या तारेजवळ कोणतेही लाकूड कामाचे नाही. तिथे निदान १० मीटर दूर राहून १९१२ वर वीज कंपनीला कळवावे आणि लाइन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच जवळ जावे.

शेडमध्ये असताना तार छपरावर पडली तर शटर, खांब, मशिन, नळ यांना हात न लावता मधोमध थांबावे. गाडीला तार लागली तर आतच बसून राहावे. आग लागल्याने उतरणे भागच असेल तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय न उचलता घसटत दूर जावे, कारण लांब टांगेतही दोन पायांमध्ये व्होल्टेज येते.

माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे आणि १०८ ला फोन करावा. जमिनीत पुरणे, माती चोळणे, पाणी पाजणे यात मोलाची मिनिटे जातात. चालता-बोलता दिसला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण विजेचा भाजलेला भाग वरून लहान आणि आतून मोठा असतो.

या आठवड्यात करण्यासारखे

आमची वाचकांना विनंती एवढीच की, हा अंक खाली ठेवून आपल्या शेडभोवती एक फेरी मारावी. छपरावर चढू नये आणि पट्टी लावून मोजू नये, जमिनीवरूनच पाहावे. वरून कोणती लाइन गेली आहे, ती आठ किंवा बारा फुटांच्या आत दिसते काय, सर्व्हिस वायर कुठे पत्र्याला टेकते, २० फुटी पाइप उभा करायची जागा तारेखाली तर नाही ना, ट्रक कुठे उभा राहतो. शंका आली तर मोबाइलवर फोटो काढावा, शेजारच्या चार मालकांना दाखवावा आणि पावसाला सुरुवात होण्याआधी अर्ज द्यावा. पाइपांचा ढीग तारेखालून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायला तर कोणाची परवानगी लागत नाही. ते काम आजच होण्यासारखे आहे.

नफा-तोट्याच्या वहीत तार हलवण्याचा खर्च तोट्याच्या बाजूला लिहिला जातो. आमच्या मते तो भांडवलात लिहावा. ज्या हातांवर कारखाना चालतो ते हात शाबूत ठेवण्याचा तो खर्च आहे.